शेवटची घंटा नको

१

आल्मुट रौखफुसचं काम म्हणजे खोकले काढून टाकणं. लाइपझिगच्या एका रेडिओ केंद्रावर, जिथे दिवसभर फक्त अभिजात संगीत लागतं, तिथे ती एकवीस वर्षं ध्वनिसंपादक होती. चर्चमधून नाहीतर सभागृहातून ध्वनिमुद्रण यायचं, आणि त्यातली खुर्चीची करकर, पानांची फडफड, पहिल्या रांगेतल्या एखाद्या आजोबांची ढास ती सुईने काटा काढावा तशी काढून टाकायची. केंद्रातले लोक तिला ‘धोबीण’ म्हणायचे. ती रागवायची नाही. "मळवता तुम्ही, म्हणून तर माझं पोट चालतं," म्हणायची.

त्या वर्षी केंद्राने बरोक मोसम ठरवला. सप्टेंबरअखेरपासून दोन फेब्रुवारीच्या मेणबत्त्यांच्या सणापर्यंत, दर रविवारी सकाळी अकराला तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत. हार्पसिकॉर्ड, लांब मानेची ल्यूट, आतड्याच्या तारांची व्हायोलिनं आणि खेड्यापाड्यांतले जुने ऑर्गन. पहिलाच कार्यक्रम लेंगविट्झच्या चर्चमधला होता. लेंगविट्झ हे आल्मुटचं गाव, आणि ऑर्गन वाजवणार होते तिचे वडील.

गोटहोल्ट रौखफुस एक्याऐंशी वर्षांचे. चाळीस वर्षं ते गावचे कँटर होते, म्हणजे ऑर्गन त्यांच्याकडे, गायकवृंद त्यांच्याकडे, आणि वेळ पडली तर चर्चची गळकी पन्हळसुद्धा त्यांच्याकडेच. आता फुप्फुसं आक्रसत चालली होती. स्वयंपाकघरात प्राणवायूचं यंत्र घुरघुरायचं आणि त्याची नळी त्यांच्या नाकात असायची. डॉक्टरीणबाईंनी आल्मुटला दाराबाहेर बोलावून सांगितलं होतं, "नाताळचा विचार करू नका. डिसेंबर उजाडला तरी खूप." आल्मुटला दुसरं कोणी नव्हतं. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती, लग्न मोडून सहा. रोज संध्याकाळी पन्नास किलोमीटर गाडी हाकत ती घरी यायची, ती या एका माणसासाठी.

"एकदा शेवटचं वाजवू दे मला," ते म्हणाले. "घरी मेलो काय आणि ऑर्गनच्या बाकावर मेलो काय."

"बाकावर मेलास तर सगळं ध्वनिमुद्रण पुन्हा करावं लागेल, बाबा."

ते हसले, आणि त्या हसण्यापायी पाच मिनिटं खोकत बसले.

२

ऑर्गन म्हणजे शेवटी हवेचा खेळ. लेंगविट्झच्या ऑर्गनला मागे मनोऱ्यात तीन भाते आहेत, प्रत्येक भाता पलंगाएवढा. पायाखालचा लाकडी दांडा दाबला की भाता वर उचलला जातो आणि मग सावकाश बसत पाइपांना हवा देतो. नव्वद वर्षांपूर्वी विजेचा पंखा आला, तेव्हापासून तुडवायला माणूस लागत नाही. पण पंखा घुमतो, आणि ती घुमघुम मायक्रोफोन बरोबर पकडतो. म्हणून ध्वनिमुद्रणाच्या दिवशी पंखा बंद करायचा आणि दांड्यांवर माणसं चढवायची, अशी रीत. गावच्या अग्निशमन दलातला फाल्क आणि त्याचे दोन गडी येणार होते. पंखा चुकून कोणी लावू नये म्हणून आल्मुटने त्याचा फ्यूज काढून कोटाच्या खिशात टाकला.

ऑर्गनच्या सूर निवडायच्या खुंट्यांमध्ये एक खुंटी अशी आहे की जिला सूर नाही. ती ओढली की मागे मनोऱ्यात घंटा वाजते. एकदा वाजली की भातेवाल्याने तुडवायला लागायचं, दोनदा वाजली की थांबून खाली उतरायचं. वाजवणारा आणि भातेवाला एकमेकांना दिसतच नाहीत, मध्ये अख्खा ऑर्गन उभा असतो.

"सुरुवातीची घंटा दे," आल्मुट म्हणाली, "ती मी कापीन. पण शेवटची घंटा नको. शेवटचा सूर छताला लागून विरतो ना, त्यानंतरची शांतता मला स्वच्छ हवी."

"घंटा दिल्याशिवाय तो थांबणार कसा?"

"कोण, फाल्क? त्याला मी फोनवर सांगते."

"हे बरं नाही, आल्मुट. पाहुण्याला दारात उभं करून आपण आत निघून जाण्यासारखं आहे हे."

"ऑर्गन तुझा, रेडिओ माझा. आणि शांतता रेडिओच्या वाट्याची."

ती कानांवर हेडफोन चढवून शेजारच्या खोलीत बसली. दहाच्या सुमारास मनोऱ्याच्या जिन्यावर पावलं ऐकू आली, जड आणि सावकाश. आला फाल्क, तिने मनात म्हटलं. वर ऑर्गनपाशी गोटहोल्टनी बरोबर आणलेल्या छोट्या सिलिंडरची नळी नाकातून काढून बाकावर ठेवली आणि खुंटी ओढली. घंटा कोरडी वाजली. मग कुठेतरी लाकूड करकरलं आणि पाइपांमध्ये हवा भरल्याचा तो हलका सुस्कारा आला.

बेचाळीस मिनिटं ते न थांबता वाजवत होते. शेवटच्या रचनेत, पासाकालियात, डाव्या पायाखालच्या पट्ट्यांवर तीच ती आठ मापांची धून फिरून फिरून येत होती, आणि आल्मुट आपलं काम विसरून ढसाढसा रडत होती. शेवटचा सूर विरला. तिने ठरल्याप्रमाणे शांतता येऊ दिली आणि यंत्र बंद केलं. फाल्कला फोन लावला तर तो उचलेना. तेवढ्यात गोटहोल्ट जिना उतरून आले, एकटे, कठड्याला हात न लावता. गाल लाल झाले होते.

"पोरी, भूक लागली," ते म्हणाले.

घरी बटाट्याचे गोळे, लाल कोबी, आणि वर दुसऱ्यांदा रस्सा घेऊन त्यांचं जेवण झालं. नळी चर्चच्या बाकावरच राहिली, हे दोघांच्याही लक्षात संध्याकाळपर्यंत आलं नाही.

३

दुसऱ्या दिवशी फाल्क दारात. हातात बायकोने केलेला प्लमचा केक, मान खाली.

"आल्मुट, मला चार शिव्या घाल. हमरस्त्यावर ट्रक उलटला, डुकरांनी भरलेला. दिवसभर डुकरं पकडत होतो गं. एक तर पेट्रोल पंपावरच्या बाईच्या मांडीवर जाऊन बसलं. फोन गाडीत राहिला."

"म्हणजे तुम्ही आलाच नाहीत?"

"नाही ना. तू मग कोणाला उभं केलंस भात्यांवर?"

आल्मुटचा कोट खुंटीला होता. ती गेली, खिशात हात घातला, आणि पंख्याचा फ्यूज तिच्या बोटांना लागला. म्हणजे पंखाही बंदच होता. पण ती शिकलेली बाई. भाते आधीच भरलेले असतील, तिने स्वतःला समजावलं. भरलेले भाते अर्धा मिनिट पुरतात, फार तर एक. बेचाळीस मिनिटांतलं एक मिनिट असं सुटलं. उरलेल्या एकेचाळिसांसाठी तिने पुष्कळ डोकं चालवलं, आणि मग फाल्कला कॉफी दिली.

चर्चच्या किल्ल्या इलेबाईंकडे असतात. सत्त्याहत्तर वर्षांची विधवा, जीभ अजून तिखट. त्या म्हणाल्या, "मनोरा मी साडेनऊला उघडला. पावलं ऐकली. तुझीच माणसं समजले. रेडिओवाल्यांना ‘नमस्कार’ म्हणायची सवय नसते, हे मला माहीत आहे."

४

ध्वनिमुद्रण धुवायला घेतलं तेव्हा ती करकर तिला सापडली. दर तीन-साडेतीन सेकंदांनी, संगीताच्या खूप खाली. दांडा खाली जातो, दांडा वर येतो. त्यात काही वावगं नव्हतं, भाते तुडवताना करकर होणारच. वावगं होतं ते पुढे. शेवटचा सूर विरला, हवेची गरज संपली, ती स्वच्छ शांतता सुरू झाली, आणि त्या शांततेत कोणीतरी तुडवतच राहिलं होतं. करकर. करकर. तिने यंत्र बंद करेपर्यंत.

आल्मुटने ते एक-एक करून काढलं. दोन दिवस गेले. रविवारी कार्यक्रम लागला आणि श्रोत्यांची पत्रं आली. एका निवृत्त पोस्टमास्तरांनी लिहिलं होतं की इतकी निर्मळ शांतता मी रेडिओवर कधी ऐकली नव्हती. ते वाचून तिने पत्र पालथं ठेवलं.

इकडे घरी वेगळंच चाललं होतं. प्राणवायूच्या यंत्राचा काटा डॉक्टरीणबाईंनी आधी निम्म्यावर आणला, मग यंत्र बंदच केलं. छातीला स्टेथोस्कोप लावून त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. "मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "फुप्फुसं तशीच आहेत. पण हवा जाते आहे. तुम्ही देवाला मानता का?"

"कामापुरतं," गोटहोल्ट म्हणाले.

आल्मुटने त्या दिवशी गाडी रस्त्याकडेला लावून आभार मानले. देवाचे मानले, डॉक्टरीणबाईंचे मानले, पासाकालियाचे मानले. आणखी कोणाचे तरी राहतात असं तिला वाटत होतं, पण तिथे ती विचार थांबवायची.

५

तिसऱ्या रविवारच्या कार्यक्रमात फक्त हार्पसिकॉर्ड होता. लाइपझिगच्या स्टुडिओत वाजवलेला, भिंतींना जाड गाद्या, आसपास भाता औषधालासुद्धा नाही. त्यातही ती करकर होती. आल्मुटने खुर्ची बदलली, वायरी बदलल्या, मग हेडफोन बदलले. शेवटी पडद्यावर आलेख काढून पाहिला तर तिथे बारीक उंचवटे ओळीने उभे होते. म्हणजे तिचे कान खोटं बोलत नव्हते. पुढच्या आठवड्यात ल्यूट. त्यातही तेच. प्रत्येक आठवड्याचं ती धुऊन टाकायची, आणि पुढच्या आठवड्याचं तसंच मळून यायचं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी अकरा वाजता ती स्वयंपाकघरात कोबी चिरत होती. रेडिओ लागला होता. दोन बासऱ्या, तिनेच शुक्रवारी स्वच्छ केलेल्या. गोटहोल्ट शेगडीजवळच्या खुर्चीत पेंगले होते. आणि रेडिओतून करकर आली.

मी ही काढली होती, तिने स्वतःशी म्हटलं. शपथेवर सांगते, मी ही काढली होती.

मग तिची नजर वडिलांच्या छातीवर गेली. करकर झाली, छाती वर आली. छाती बसत गेली. पुन्हा करकर, पुन्हा छाती वर. तिने सुरी खाली ठेवली, जवळ जाऊन गुडघ्यांवर बसली. मध्येच एकदा करकर यायला उशीर झाला, जणू कोणी पाय बदलत होतं. छाती खालीच थांबली. मग करकर झाली, जोराची, घाईची, आणि गोटहोल्टनी झोपेतच खोल श्वास घेतला.

शेवटची घंटा दिली नव्हती. भातेवाला थांबलाच नव्हता.

भीती वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण त्या भीतीच्या वरताण तिला आनंद झाला. तिने रेडिओवर हात ठेवला, त्याचं लाकूड ऊबदार होतं, आणि ती हळूच म्हणाली, "तुडवत राहा. उपकार होतील. तुडवत राहा."

त्यानंतर तिने करकर धुणं सोडून दिलं. नीट चालली आहे ना, एवढंच ती ऐकायची.

६

डिसेंबर उजाडला. डिसेंबर अर्धा सरला. इलेबाई साखरेत लोळवलेला ख्रिसमसचा केक घेऊन आल्या. गोटहोल्ट अंगणात बर्फ ओढत होते, फावड्याने, स्वतः. इलेबाई खिडकीतून त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

"पोरी, तुमच्या त्या रेडिओत कोणीतरी दमलंय."

आल्मुटने कपात कॉफी ओतली, ती बशीत सांडली. "तुम्हाला ऐकू येतं?"

"माझा रुडी सव्वीस वर्षं भाते तुडवायचा. पंखा बिघडला की त्यालाच बोलावणं. बायकोला तो आवाज ऐकू येणार नाही तर कोणाला?" त्यांनी केकचा तुकडा कॉफीत बुडवला. "तुझ्या बाबांच्या आधीचा कँटर एकदा घंटा द्यायला विसरला. रुडी प्रवचनभर तुडवत होता. मग एक बारसं झालं, तेवढा वेळ. मी जेवायला वाट बघून दुपारी वर गेले, तर हा घामाने निथळतोय. म्हटलं, अरे मूर्खा, उतर की! तर म्हणतो, घंटा झाली नाही. घंटेशिवाय भातेवाला उतरत नाही बाई. मेला तरी नाही."

"मग हे... हे रुडीकाका आहेत?"

"छे छे! रुडीचा पाय मी ओळखते. तो बुटाचा पाय होता. हा अनवाणी आहे. हा कोणी फार जुना आहे." "बारावा आठवडा चाललाय, आल्मुट. कोणी त्याला पाणी तरी विचारलं का?"

आल्मुटला आजवर कोणी एवढं लागेल असं बोललं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. "बाबांना सांगू नका," ती म्हणाली. "हात जोडते."

"मी कशाला सांगू? गोटहोल्टला कान आहेत."

७

नाताळ झाला. बापलेकींनी मेणबत्त्या लावल्या, बदक भाजलं, गोटहोल्टनी खाल्लं आणि वर गायलेसुद्धा. तिच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा नाताळ होता तो. आणि रात्रंदिवस, हेडफोन असोत वा नसोत, तिच्या कानांत ती करकर होती.

जानेवारीत ताल बिघडला. दोन करकरींमध्ये आता पाच सेकंद, कधी सहा. मध्येच एखादा घसरल्याचा आवाज, लाकडावरून टाच निसटल्यासारखा, आणि त्यामागून दबलेलं कण्हणं. प्रत्येक घसरणीबरोबर गोटहोल्टचे ओठ क्षणभर निळे पडायचे, आणि मग पुन्हा लाल व्हायचे. एकदा न्याहारी करताना त्यांनी चमचा खाली ठेवला.

"मोसमाचा शेवटचा कार्यक्रम कुठून आहे?"

"इथूनच. लेंगविट्झहून. थेट प्रक्षेपण. ड्रेस्डेनहून एक तरुण वादक येणार आहे."

"त्याला सांग येऊ नकोस. मी वाजवतो. आणि शेवटी घंटा देतो."

"नाही."

"आल्मुट."

"नाही म्हणजे नाही! तू घंटा दिलीस की काय होणार, ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना, फुप्फुसं तशीच आहेत. तू मरशील, बाबा. मी तुला मरू देणार नाही."

"मला डिसेंबर मिळाला. नाताळ मिळाला. तुझा वाढदिवस मिळाला, केक जळका होता तरी. अजून किती घेशील?"

"सगळं," आल्मुट म्हणाली. "जेवढं मिळेल तेवढं सगळं."

त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. "मी इथे बसून गोळे खातोय, आणि तिकडे कोणीतरी सप्टेंबरपासून उभ्याने आहे. एक दिवस बसलेलं नाही. त्याचे आभार मानायला मला सवड झाली नाही अजून. कँटरला शोभतं का हे?"

आल्मुट उठून संडासात गेली आणि नळ सोडून रडली. बाहेर आली तेव्हा त्यांनी भांडी घासून ठेवली होती.

८

दोन फेब्रुवारीचा रविवार. सकाळी स्वच्छ ऊन पडलं होतं आणि बर्फाने डोळे दिपत होते. चर्च गच्च भरलं. ड्रेस्डेनच्या वादकाला आल्मुटने ‘येऊ नका’ म्हणून कळवलं होतं. फाल्क आणि त्याचे गडी या वेळी अर्धा तास आधीच हजर होते. "आज एकही डुक्कर नाही," तो म्हणाला. आल्मुटने त्यांना पुढच्या बाकावर बसवलं. आज गरज नाही, म्हणाली. फ्यूज पुन्हा तिच्या खिशात होता. यंत्रांवर तिने निवेदिका कोर्डुलाला बसवलं, आणि बिनवायरचे हेडफोन कानांवर चढवून स्वतः मनोऱ्याचा जिना चढायला लागली. एवढ्या महिन्यांत ती एकदाही वर गेली नव्हती. छाती होत नव्हती.

हेडफोनमध्ये वडिलांच्या बाकाजवळच्या मायक्रोफोनचा आवाज येत होता. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग घंटा. वर, तिच्या डोक्यावर, लाकूड करकरलं, आणि संगीत सुरू झालं.

भात्यांच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत अंधार, आणि एका फटीतून आलेला उन्हाचा हातभर रुंद पट्टा. त्यात धूळ तरंगत होती. पहिला भाता बसत होता. दुसरा बसत होता. तिसऱ्याचा दांडा खाली गेला, आणि जिथे ऊन पडलं होतं तिथे तिला पाऊल दिसलं.

अनवाणी. राखाडी. टाचेला भेगा, अंगठ्याचं नख फुटलेलं. फार वेळ उभ्या असलेल्या माणसाचा पाय थरथरतो, तसं ते सगळं पाऊल घोट्यापर्यंत थरथरत होतं. घोट्याच्या वर उन्हाचा पट्टा संपत होता. तिथे पाहिलं असतं तर काही दिसलं असतं की नसतं, ते आल्मुटला आजही सांगता येत नाही. तिने पाहिलं नाही. पाऊल दांड्यावरून घसरलं. हेडफोनमध्ये वडिलांना ठसका लागला.

बोलायचं म्हणून ठरवून आलेलं सगळं डोक्यातून गेलं.

"फार उपकार झाले तुमचे," ती कशीबशी म्हणाली. "माझ्यामुळे झालं हे. मीच घंटा नको म्हटलं होतं. सरा तुम्ही, मी घेते."

तिने बूट काढले आणि पहिल्या दांड्यावर चढली. दांडा ऊबदार होता. तिचं सगळं वजन पडलं तेव्हा कुठे तो खाली गेला. उन्हाच्या पट्ट्यातलं पाऊल थोडा वेळ तसंच राहिलं, मग उचललं गेलं. ते खाली टेकल्याचा आवाज आला नाही. जिन्यावर पावलंही वाजली नाहीत. तिच्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर, कोणीतरी भिंतीला टेकून खाली बसलं, आणि इतका लांब सुस्कारा सोडला की तिच्या मानेवरचे केस हलले. तो गेला नव्हता. घंटा झाली नव्हती.

आल्मुट तुडवत राहिली. पहिला, दुसरा, तिसरा, पुन्हा पहिला. कानांत वडिलांचा श्वास आता तिच्या पायांनी चालत होता. पाय खाली, श्वास आत. तिने पाय जोरात टाकला तर तो भरून यायचा. पासाकालिया सुरू झाला, आणि तिच्या मनात एक विचार आला तो तसाच बसून राहिला. मी त्रेपन्न वर्षांची आहे. पाय धड आहेत. मी का उतरू? बाबा घंटा विसरले तर मी दहा वर्षं तुडवीन.

शेवटचा सूर छताला लागला आणि विरत गेला. शांतता आली. लाखभर लोक रेडिओपाशी ती ऐकत होते. विसर बाबा, तुला हात जोडते, विसर. ती तुडवत होती.

घंटा वाजली. आणि पुन्हा वाजली.

आल्मुट थांबली नाही. तिने पहिला दांडा दाबला. मग दुसरा. पाठीमागे फरशी करकरली, कोणीतरी उठून उभं राहिलं होतं आणि वाट बघत होतं. कशाची, ते तिला कळत होतं. तिने तिसरा दाबला.

लाकडी फळीपलीकडून, ऑर्गनच्या पोटातून, वडिलांचा आवाज आला. परक्या माणसाशी बोलावं तसा, अदबीचा.

"तुम्ही कोण आहात, मला ठाऊक नाही," गोटहोल्ट म्हणाले. "एवढे दिवस माझ्यासाठी राबलात. मला माझ्या मुलीबरोबर नाताळ करता आला. तुमचे आभार मानायला शब्द नाहीत माझ्याकडे. आता उतरा. दमला असाल. उतरा तुम्ही, माझं मी बघतो."

वडिलांनी तिला जन्मात कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. आल्मुट म्हणाली, "हो."

आणि ती उतरली.

पाठीमागची चाहूल तिच्या बाजूने पुढे गेली, मग दारातून, मग जिना, एक एक पायरी, सावकाश, सुटल्या पायांनी. तिने वळून पाहिलं नाही. समोर तिन्ही भाते बसत गेले आणि खोलीतला शेवटचा आवाज थांबला. हेडफोनमध्येही काही नव्हतं. ती दोन्ही हातांनी ते कानांवर दाबून उभी राहिली, अनवाणी, गार फरशीवर.

मग श्वास आला. अपुरा, घरघरता, मध्येच अडकलेला. कोणाच्याही मदतीचा नव्हता. तिने दुसऱ्याची वाट पाहिली. तोही आला. असे ते श्वास अकरा दिवस आले, आणि आल्मुट सगळे दिवस शेजारी बसून होती.